बर्फावरचं नाणं

हिरामणभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी डाकघरात बसून दिवसभराचं टपाल गल्लीवार लावत होते. फोन महादेवरावांचा होता, आणि पहिलं नवल तेच. हिरामणभाऊ आणि महादेवराव भद्रावतीतल्या आमच्या गल्लीत समोरासमोर राहायचे, पण आता-आतापर्यंत, सहा वर्षं, त्यांच्यात अवाक्षर नव्हतं. "टपालबाई, हिरामन गेला. सकाळी कुत्र्यायच्या कुंडीत पानी टाकता टाकता बसला, तं बसलाच," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. हातातली पाकिटं हातातच राहिली. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हलकं वाटलं. माणूस गेल्यावर कुणाला हलकं वाटतं का? मला वाटलं. सहा वर्षं पोटात दाबून ठेवलेली एक गोष्ट मी त्याच्या तीनच आठवडे आधी सांगून टाकली होती, आणि सांगितल्याचं हिरामणभाऊंना कळलंही होतं. आणखी महिनाभर टाळलं असतं तर... 

हिरामणभाऊंची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. सरकारी कागदावर त्यांचं पद 'व्रणोपचारक' असं होतं. हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेला झेपत नाही, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी चिडायचे. "डॉक्टर त्या डॉक्टरबाई हायेत. मी पट्ट्या बांधनारा मानूस." निवृत्त झाल्यावर पट्ट्या बांधणं सुटेल असं सिंधूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं होतं. कसलं काय. सकाळी सहाला फाटकाशी कुणीतरी कुत्र्याचा कान किंवा मांजराचा पंजा घेऊन हजर. वर्षातून दोनदा, एका रविवारी, जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आमच्या गल्लीत येऊन कुत्र्यामांजरांना लस द्यायच्या. सुई त्या द्यायच्या, जनावर धरायचे हिरामणभाऊ, आणि दोन-तीन दिवस आधी आणलेली लस थंड ठेवायची जबाबदारीही त्यांचीच. शनिवार-रविवार दवाखाना बंद, म्हणून लसीचा पांढरा डबा त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहायचा. हा फ्रिज नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यापाशीच घडलं.

माझी आणि त्यांची ओळख कुत्र्यानेच करून दिली. टपाल वाटायच्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. खाकी पिशवी आणि सायकल म्हटलं की गल्लीतल्या कुत्र्यांना काय व्हायचं कोण जाणे, अंगावरच यायची. एकाने माझ्या डाव्या पोटरीचा लचका तोडला. शेजारची एक बाई धावत आली आणि जखमेवर तिखट दाबलं. आपल्याकडे पूर्वीपासून तेच करतात, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी कोकलत होते. तेवढ्यात समोरच्या फाटकातून बनियनवरचा एक माणूस आला आणि त्या बाईच्या हातातली वाटीच हिसकून घेतली. "धुऊन काढ ते. साबन आन, साबन." मला नळाखाली बसवलं, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि पंधरा मिनिटं पूर्ण होईस्तोवर उठू दिलं नाही. मग मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, सुई देईपर्यंत बाहेर थांबले. येताना म्हणाले, "टपालबाई, कुत्रं तुयावर नाई चिडत. तू पळतं म्हनून चिडते. थांबत जा, नाव घेत जा." नाव घेत जा म्हणे. पण त्यांनी खरंच प्रत्येक घरच्या कुत्र्याचं नाव एका कागदावर लिहून दिलं, आणि महिन्याभरात माझी पोटरी सुरक्षित झाली.

पुढे मीच एक कुत्रं पाळलं, म्हणजे त्याने मला पाळलं. डाकघराच्या पायरीवरून एक तांबूस पिल्लू सायकलमागे घरापर्यंत आलं, दुसऱ्या दिवशीही आलं. गल्लीने त्याचं नाव पाकीट ठेवलं. पाकीट घरी आलं आणि हिरामणभाऊंचं बोलणं माझ्या मागे लागलं ते वर्षाचे बारा महिने. मे महिन्यात मी त्याला सायकलबरोबर पळवत नेलं तर भर रस्त्यात थांबवून म्हणाले, "चप्पल काढ. दहा मोज अन् मंग सांग." मी डांबरावर पाय टेकवला, तीनपर्यंत मोजलं आणि चप्पल घातली. "त्याच्या पायात काय हाये?" एवढंच म्हणाले. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या मध्ये गोचीड बघायला लावायचे. एका वर्षी पाकिटाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या म्हणून त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे पाठवलं, तो गोचिडाचाच ताप निघाला आणि वेळेवर निघाला. हिवाळ्यात दिवस मावळला की गल्लीतून एक फेरी मारायचे आणि अंगणात बांधलेलं प्रत्येक कुत्रं घरात घ्यायला लावायचे. आमच्याकडे वस्तीच्या मागेच झुडपं आहेत, बिबट येतो. "बाहेर साखळीले बांधलं म्हंजे ताट वाढून ठेवलं," असं म्हणायचे, आणि कुणी हसलं की फाटकापाशी उभे राहायचे, कुत्रं आत जाईपर्यंत.

चिडायचे मात्र फार. खाणीत काम करणाऱ्या एकाने खरूज झालेल्या कुत्र्याला ट्रकचं जळालेलं ऑईल चोपडलं होतं, आमच्याकडे सगळेच चोपडतात. भाऊंनी ते कुत्रं स्वतः भांड्याच्या साबणाने धुतलं आणि मालकाला म्हणाले, "आता तू चाट ते ऑईल. तो दिवसभर चाटते, तुले एक डाव काय होते?" तापलेल्या मांजराला माणसाची तापाची गोळी दिली म्हणून एका मास्तरीणबाईंना त्यांनी रडवलं होतं. गोळीचा तेवढासा तुकडाही मांजराला मारतो हे त्या बिचारीला काय माहीत. मांजर वाचलं ते नशिबाने. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच जाऊन माफी मागून आले, पण गोळ्यांचा डबा उंच फळीवर ठेवायला लावूनच. त्यांच्या स्वतःच्या घरी सरपंच नावाचा एक जाडा बोका होता. फ्रिजच्या डोक्यावर ऊब असते म्हणून तो दिवसभर तिथेच बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे वरून बघायचा, म्हणून सरपंच. सांगायला हवं असं नाही, पण सांगते... वाघाची काळजी हा माणूस गल्लीत बसून करायचा. कुत्र्याचे काही रोग वाघाला होतात, गावकुसाचं कुत्रं जंगलात जातं, म्हणून लस चुकवायची नाही, हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलं असेल.

आता ती गोष्ट. सहा वर्षांपूर्वीचा मे महिना, लसीच्या रविवारच्या आदला दिवस. भर दुपारी मी भाऊंकडचं टपाल घेऊन गेले तर सिंधूबाई फरशीवर पडलेल्या. ऊन लागलं होतं. भाऊ बाहेर होते, कुणाच्या तरी म्हशीचं काहीतरी. मी पाणी आणायला फ्रिज उघडला, तिथे लसीचा पांढरा डबा दिसला. दिसला, हे मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. सिंधूबाईंचं अंग तापलेलं, खोलीत भट्टी, आणि कूलरचं बटन दाबलं तर त्याचा बोर्ड जळालेला. दुसरा बोर्ड एकच, फ्रिजचा. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणत्याही घरात हेच चालतं. पाहुणे आले, कुणाला बरं नसलं, की फ्रिजचा प्लग काढायचा आणि तिथे कूलर लावायचा, फ्रिजला थोडंच ऊन लागतं. मीही तेच केलं. सरपंच तेवढा खाली उतरून माझ्याकडे बघत बसला. कूलरचा वारा सुरू झाला, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, पन्हं पाजलं, बाईंना हळूहळू बरं वाटलं. निघताना, दिवस कलल्यावर, मी प्लग परत फ्रिजला लावला आणि घरी गेले. भाऊंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे... आठवण झाली होती. रविवारी सकाळी लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा नीट आठवण झाली होती. पण डब्यातलं तापमापक बरोबर दाखवत होतं, फ्रिज रात्रभर चाललेलाच होता. मनात म्हटलं, चार-पाच तासांनी काय होतं. एवढी रांग लागली आहे, कशाला उगीच घोळ. पाकिटालाही त्याच डब्यातली सुई दिली गेली, आणि त्याला धरून मीच उभी होते.

दोन महिन्यांनी, पावसाची झड लागली असताना, खाणीच्या बाजूने एक अनोळखी कुत्रं गल्लीत शिरलं. तोंडाला फेस, चाल वाकडी, समोर येईल त्याला चावत सुटलं. पाकिटाला चावलं, महादेवरावांच्या टायगरला चावलं, आणि वळणावर जाऊन पडलं ते उठलं नाही. डॉक्टरबाईंनी तपासणीला पाठवलं, ते पिसाळलेलंच निघालं. गल्ली हादरली, पण हिरामणभाऊ शांत होते. हातमोजे घालून दोन्ही कुत्र्यांच्या जखमा धुतल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लस झाली हाये नं, मंग भेवाचं काम नाई. एक सुई आनखी देऊ, नजर ठेवू." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. महादेवरावांनी तर भाऊंच्या खांद्यावर हात टाकून चहाला नेलं. पण ज्या लसीवर हे सगळे निर्धास्त झाले होते ती कशी ठेवली होती हे त्या गल्लीत एकटीला मला माहीत होतं. घरी येऊन पाकिटाकडे बघितलं, तो शेपूट हलवत होता, आणि माझी आई त्याला हाताने भाकरी भरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी भाऊंना सांगितलं. एका दमात सांगितलं, पायाकडे बघत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: प्लग कधी काढला, कधी लावला, मधे दार उघडलं होतं का. दोनदा उघडलं होतं, पाण्यासाठी.  मग म्हणाले, "लस खराब झाली का नाई ते डोयानं दिसत नाई, टपालबाई. शंका आली का लस दिलीच नाई असं धराचं." उठले, सदरा घातला, रजिस्टर घेतलं. "चाल."

आम्ही त्या दिवशी घरोघर फिरलो. पहिल्याच फाटकाशी मी तोंड उघडलं तर त्यांनी रजिस्टर माझ्या हातात कोंबलं, "तू नावं लिह," आणि स्वतः बोलले, "माया घरचा फ्रिज बंद राह्यला होता. चूक मायाकून झाली. पुन्हा लस घ्या लागन, येत्या रविवारी कुत्रं घेऊन येजा." प्रत्येक दारात हेच वाक्य. कुणी नुसतं बघितलं, कुणी म्हणालं आता वय झालं भाऊ, सोडा हे. आणि मी रजिस्टर धरून बाजूला उभी. महादेवराव मात्र रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. "माया घरी नात खेलते त्या कुत्र्यासंगं. तू थंडं ठेवतो म्हनून आमी निजतो, अन् तू फ्रिज बंद ठेवतो? याच्यापुढं माया फाटकात पाय ठेवू नको." भाऊ खाली मान घालून म्हणाले, "बराबर हाये तुमचं." मी तेव्हा बोलायला हवं होतं. फक्त एक वाक्य होतं. नाही बोलले. परत येताना विचारलं, मला काऊन बोलू दिलं नाही, तर म्हणाले, "तुले रोज सकाळी प्रत्येक दारात जा लागते. उद्या कोनी दार लावून घेतलं तं कशी करशीन? अन् फ्रिज माया हाये, लस माया जिम्म्यात होती." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. भित्रेपणाला असा कुणी हात दिला की माणूस तो सोडत नाही.

नंतरचे महिने कसे काढले ते मलाच माहीत. डॉक्टरबाईंनी नवी लस आणली, साऱ्या गल्लीची पुन्हा झाली. पाकीट आणि टायगरला ठरावीक दिवसांनी पाच सुया, आणि कित्येक महिने वेगळ्या खोलीत, साखळीला, कुणी हात लावायचा नाही. मी, आई, महादेवरावांची नात, टायगरशी खेळणारे सगळे, दवाखान्यात जाऊन सुया घेऊन आलो. भाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन दारातून पाकिटाकडे बघायचे: पाणी पितो का, आवाज बदलला का, डोळे कसे आहेत. मग समोर जाऊन महादेवरावांच्या कंपाउंडबाहेर उभे राहायचे आणि तिथूनच टायगरला न्याहाळायचे. महादेवराव त्यांना बघून खिडकी लावून घ्यायचे, तरी दुसऱ्या दिवशी हे हजर. हिवाळा सरता सरता डॉक्टरबाई म्हणाल्या, सोडा आता. पाकिटाची साखळी मी सोडली तेव्हा तो थेट फाटकाकडे पळाला, माझ्या सायकलवर तंगडी वर केली आणि परत येऊन भाऊंच्या पायावर आडवा पडला. समोर टायगर भुंकत होता, धडधाकट. मी त्या पायरीवर बसून इतकी रडले की आईला वाटलं कुत्रं मेलं.

त्यानंतर भाऊंनी दोन गोष्टी केल्या. फ्रिजच्या प्लगवर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर निळ्या पेनने 'काढू नका' लिहिलं. आणि बर्फाच्या कप्प्यात एक स्टीलची वाटी ठेवली, पाण्याने भरलेली. पाण्याचा बर्फ झाला की त्याच्यावर रुपयाचं एक नाणं. मी विचारलं हे काय. "बर्फ वितळला तं नानं बुडन. मंग लाईट येऊ दे, फ्रिज पुन्हा थंडा होऊ दे, नानं काही वर येत नाई. खालीच राह्यते." मग वाटी परत आत सरकवून म्हणाले, "आता कोनाले विचाराचं कामच नाई नं. न तुले, न सिंधूले." मला टोचायला म्हणाले नव्हते. पुन्हा कुणावर अशी वेळ येऊ नये म्हणून शोधलेली युक्ती होती ती. पण टोचलं.

महादेवराव बोलत नव्हते ते नव्हतेच. टायगर गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. या फाल्गुनात नातीने हट्टाने नवं पिल्लू आणवलं, पांढरं, लाडू नावाचं. भाऊ जायच्या तीन आठवडे आधी, मी सहीचं टपाल घेऊन त्यांच्याकडे गेले तर लाडूने माझ्या चपलेचा अंगठा धरला. मी विचारलं, "लसीचं काय केलं?" "चंद्रपूरले नेईन." मागच्या महिन्यातही हेच उत्तर होतं. "नेईन म्हनजे कधी?" "नेईन वो. या गल्लीतल्या फ्रिजातली लस नाई पायजे मले." आणि नात त्या पिल्लाच्या तोंडात बोटं घालून हसत होती.

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "महादेवराव, तो प्लग मी काढला होता." त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, सिंधूबाईंचं ऊन, जळालेला बोर्ड, पांढरा डबा दिसला होता तो, रविवारी आठवण होऊनही गप्प बसले ते.  मग त्यांचा आवाज चढला. "सहा वर्सं मी त्या मानसाले तोंड नाई दाखवलं. अन् तू रोज माया दारात येऊन चाय पेते?" मी म्हटलं, हो. "काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं, भीती वाटली. त्यांनी सही केली, कागद माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, "जाय तू आता." महादेवरावांना सांगणं म्हणजे खाणीच्या भोंग्यात सांगणं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. दोघीतिघी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, टपाल मात्र घेतलं. आणि गंमत बघा, ज्या भीतीने मी सहा वर्षं काढली ती एवढीच निघाली.

त्याच संध्याकाळी महादेवराव रस्ता ओलांडून हिरामणभाऊंच्या फाटकाशी गेले. मी माझ्या पायरीवरून बघत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, दोघंही जमिनीकडे बघत होते. मग भाऊ त्यांच्याबरोबर समोर गेले, सहा वर्षांनी त्या फाटकात पाय ठेवला आणि पायरीवर बसून लाडूला मांडीवर घेतलं. कान बघितले, पोट बघितलं, ओठ वर करून दात बघितले. "आनखी थोडा लहान हाये. तीन महिने होऊ द्या. येत्या लसीच्या रविवारी पहिला नंबर याचा." परत जाताना माझ्यापाशी थांबले. "कायले सांगितलं वो तू?" मी पायरीवर सरकून त्यांना जागा केली. "बरं केलं," म्हणाले, "चाय चांगला बनवते त्याच्या घरी." आमचं नीट बोलणं झालं ते हे शेवटचं.

तो लसीचा रविवार यायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, ते गेले. लसीचा डबा आदल्या संध्याकाळीच येऊन फ्रिजमध्ये बसला होता. मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, बाहेर पारा शेहेचाळीसला टेकलेला, भंतेजी त्रिशरण म्हणत होते आणि सिंधूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकच कूलर, तोही आतल्या खोलीत. वडसाहून आलेल्या सिंधूबाईंच्या भावाने आणखी एक कूलर कुठून तरी आणला आणि फ्रिजच्या बोर्डाकडे हात नेला. "फ्रिजात काय हाये आता, थंडं पानीच नं. काढा तो प्लग." मी कोपऱ्यातून उठले. या वेळी तोंड आधी चाललं. "भाऊ, त्याले हात लावू नका. त्याच्यात लस हाये." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माणूस दारात पडला आहे आणि या बाईला लस सुचते आहे. तेवढ्यात महादेवराव आत आले, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं. एक टोक स्वतःच्या घरी लावून आले होते, रस्त्यावरून, दोन्ही फाटकांवरून ओढत आणलं होतं. कूलर त्याला जोडला आणि वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून उंबऱ्याशी विटा ठेवून दिल्या. तीन दिवस तो कूलर महादेवरावांच्या विजेवर चालला. सरपंच फ्रिजवरून हलला नाही.

डॉक्टरबाईंनी रविवार पुढे ढकलायचं म्हटलं. सिंधूबाई म्हणाल्या, "आपल्यात सुतक नाई, बाई. अन् लसीले तं नाईच नाई." रविवारी सकाळी गल्ली पुन्हा रांगेत उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात साखळी, कुणी मांजर टोपलीत घातलेलं. पहिला नंबर महादेवरावांचा. डब्याला हात लावायच्या आधी डॉक्टरबाईंनी बर्फाचा कप्पा उघडला. मी मागून बघत होते, महादेवराव माझ्या खांद्यावरून बघत होते. मधे एवढे गरमीचे दिवस, घरभर माणसं, शंभर हात, दोनदा लाईट गेलेली... नाणं वर होतं. बर्फावर, कोरडं, जसं ठेवलं तसं. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि डबा काढला. महादेवरावांनी लाडूला भाऊ धरायचे तसं धरलं, एक हात मानेखालून, एक पोटाखालून, तोंड बाजूला वळवून. पिल्लू एकदा कुंई करून गप्प झालं. लाडूनंतर पाकिटाची पाळी. म्हातारा झाला आहे, दिसत कमी, पण भाऊंच्या पायरीवर आडवं पडायची त्याची जागा त्याला सापडते.

आता दर शनिवारी टपाल संपलं की मी सायकल सिंधूबाईंच्या फाटकाला लावते आणि आत जाऊन बर्फाचा कप्पा उघडते. लसीचा डबा असो की नसो. बाई स्वयंपाकघरातूनच विचारतात, "वर हाये का?" मी म्हणते, "वर हाये, बाई." मग त्या माझ्यासाठी चहा टाकतात.